फायलीत श्रोता नाही

सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात, म्हसवडला, २००८ पासून एक रेडिओ केंद्र चालू आहे. नाव 'माणदेशी तरंग वाहिनी', जागा ९०.४ मेगाहर्ट्झ. चेतना गाला सिन्हा यांच्या माणदेशी फाउंडेशनचं हे केंद्र. याच मंडळींनी १९९७ मध्ये ग्रामीण बायकांची सहकारी बँक काढली होती. ज्या बायकांना बँकेचा फॉर्म वाचता येत नव्हता, त्यांच्यापर्यंत पोचायला रेडिओ हे सरळ साधन होतं. दुष्काळी मुलुख, वाड्यावस्त्या लांब लांब, वर्तमानपत्र दुपारी येणार आणि आलं तरी घरातल्या एखाद्यालाच वाचता येणार. आवाज मात्र चुलीपर्यंत जातो.

हा आवाज फार लांब जात नाही. सामुदायिक रेडिओला साधारण ५० वॅटचा ट्रान्समीटर लावायची मुभा आहे. पूर्वी ओसरीवर लटकायचा तो पिवळा बल्बसुद्धा साठ वॅटचा असायचा! अँटेनामुळे ही ताकद वाढून शंभर वॅटपर्यंत धरली जाते आणि मनोऱ्याची उंची तीस मीटरपेक्षा जास्त चालत नाही. एवढ्यावर दहा-पंधरा किलोमीटरचा परिसर ऐकू शकतो. मध्ये डोंगर आला की तेवढाही नाही. म्हणजे एका बाजारगावाभोवतीची खेडी, बस्स. पण या पंधरा किलोमीटरच्या बोलण्यासाठी जी कागदपत्रं लागतात ती दिल्लीत दोन मंत्रालयांच्या टेबलांवरून फिरतात, आणि एकदा मिळाली की संपली असंही नाही. त्यांची मुदत असते. ती संपायच्या आत पुन्हा सगळं जमवायचं.

या मुदतीबद्दल मराठीत फारसं लिहिलं गेलेलं नाही. रेडिओवर लेख येतात ते आवाजाबद्दल, निवेदिकांबद्दल, 'दुर्गम भागातल्या क्रांती'बद्दल. फोटोत हेडफोन घातलेली बाई असते. तिच्या मागच्या कपाटातली फाईल फोटोत येत नाही. मला या लेखात त्या फायलीबद्दलच बोलायचं आहे.

परवानगीचं मुख्य कागदपत्र म्हणजे माहिती व प्रसारण मंत्रालयाशी केलेला करार, 'ग्रँट ऑफ परमिशन ॲग्रीमेंट'. केंद्रवाले त्याला नुसतं 'गोपा' म्हणतात. हा करार कुणाला मिळू शकतो? विद्यापीठ, महाविद्यालय, कृषी विज्ञान केंद्र किंवा निदान तीन वर्षं जुनी नोंदणीकृत स्वयंसेवी संस्था. एकट्या माणसाला मिळत नाही, राजकीय पक्षाला नाही, नफ्यासाठी चालणाऱ्या कंपनीला नाही. अर्ज केला की तो गृह आणि संरक्षण खात्यांकडून तपासून येतो. मग 'इरादापत्र'. पण इरादापत्र हातात आलं म्हणून बोलता येत नाही, कारण ध्वनिलहरी या मंत्रालयाच्या नाहीत. त्या दूरसंचार खात्याच्या. तिथली 'वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन' शाखा, म्हणजे डब्ल्यूपीसी, फ्रीक्वेन्सी देते. मनोरा कुठं उभा राहणार, विमानांच्या वाटेत येतो का, लष्कराच्या संदेशांत खरखर होईल का, हे 'सॅकफा' नावाची समिती बघते. मग पंचवीस हजारांची बँक हमी, मग गोपावर सही, मग पुन्हा डब्ल्यूपीसीकडून प्रत्यक्ष चालवण्याचा परवाना. एका मंत्रालयाचं संकेतस्थळ 'ब्रॉडकास्ट सेवा', दुसऱ्याचं 'सरल संचार'. त्यातला 'सरल' हा शब्द केंद्रवाले कोणत्या सुरात उच्चारतात ते ऐकण्यासारखं असतं.

नूतनीकरणाच्या वेळी यातलं बरंच पुन्हा उगाळावं लागतं. संस्थेची नोंदणी अजून जिवंत आहे का, लेखापरीक्षित हिशेब, फ्रीक्वेन्सीचं शुल्क थकलेलं नाही याचा पुरावा, सल्लागार समितीची नावं, कार्यक्रमांचा तपशील, हमीपत्रं, प्रतिज्ञापत्रं. ज्या विद्यापीठाकडं स्वतःचा लेखा विभाग आणि कुलसचिव कार्यालय आहे, त्याला यात विशेष काही नाही. एक कारकून दोन आठवडे गुंततो. पण तीन-चार माणसांवर चालणाऱ्या केंद्रात सकाळी कार्यक्रम रेकॉर्ड करणारी, दुपारी तो संपादित करणारी आणि संध्याकाळी बटण दाबणारी व्यक्ती एकच असते. फाईलही तिच्याच गळ्यात. जी केंद्रं गावकऱ्यांच्या सर्वांत जवळची, त्यांनाच कागद सर्वांत जड जातो. हा काही कुणी ठरवून केलेला अन्याय नाही. नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर संस्था म्हणजे 'कार्यालय असलेली संस्था' होती, एवढंच.

मुदतीचंही तसंच. आकाशवाणीला परवान्याचं नूतनीकरण ही भानगडच नाही. खाजगी एफएम कंपन्यांना लिलावात जिंकलेली वाहिनी पंधरा वर्षं मिळते. आणि सामुदायिक केंद्राला २००६ च्या धोरणानुसार मिळायची पाच वर्षं. ज्याच्याकडं सर्वांत कमी पैसा, त्याच्याकडं सर्वांत कमी काळ. पाचापैकी पहिलं वर्ष यंत्र बसण्यात, माणसं शिकण्यात जातं. शेवटचं वर्ष फायलीत जातं. मधल्या तीन वर्षांत देणगीदार विचारतो की पुढची परवानगी आहे का, आणि पुढची परवानगी मागायला गेलं की आर्थिक स्थिती काय ते विचारलं जातं.

शिवाय एक बारीक अक्षरातलं कलम आहे. केंद्र सुरू झाल्यावर तीन महिन्यांहून जास्त काळ बंद राहिलं, तर परवानगी रद्द होऊ शकते आणि ती फ्रीक्वेन्सी पुढच्या अर्जदाराला देता येते. कागदावर हे रास्त वाटतं. फ्रीक्वेन्सी अडवून ठेवणाऱ्यांना चाप हवाच. पण मनोऱ्यावर वीज पडून ट्रान्समीटर जळाला, दुरुस्तीला दूर पाठवावा लागला, तिकडून सुट्या भागाची वाट बघावी लागली, तर खेडेगावात तीन महिने हा काही मोठा काळ नव्हे.

* * *

परवाना ही कल्पना रेडिओइतकीच जुनी आहे, आणि आपल्याकडं तर तिचा पाया रेडिओच्याही आधीचा. तारायंत्रासाठी केलेला १८८५ चा कायदा पुढं रेडिओलाही लागू झाला. मुंबईच्या रेडिओ क्लबनं १९२३ मध्ये हौशी प्रसारण सुरू केलं, तेव्हा इंग्रज सरकारची परवानगी होतीच. २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं मुंबई केंद्र सुरू झालं. ही खाजगी कंपनी तीन वर्षांतच बुडाली. तिचं उत्पन्न बरंचसं श्रोत्यांच्या परवान्यातून येणाऱ्या पैशावर अवलंबून होतं, आणि वर्षाला दहा रुपये भरून परवाना काढणारे श्रोते पुरेसे मिळाले नाहीत. पुढं सरकारनंच हे काम हातात घेतलं आणि १९३६ मध्ये त्याला 'ऑल इंडिया रेडिओ' हे नाव मिळालं.

श्रोत्याचा परवाना मात्र पुढं कितीतरी वर्षं राहिला. आज साठी ओलांडलेल्यांना ते पुस्तक आठवत असेल. पोस्टात जायचं, पैसे भरायचे, पुस्तकात तिकीट चिकटवून शिक्का मारून घ्यायचा. घरी ट्रान्झिस्टर आहे आणि परवाना नाही हे कळलं तर दंड, म्हणून काही घरांत अनोळखी माणूस दारात दिसला की ट्रान्झिस्टर आधी गोधडीखाली जायचा. १९८०च्या दशकात ही पद्धत बंद झाली, कुणी हळहळलं नाही. पण एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. त्या काळात सरकारदरबारी श्रोत्याचं नाव होतं, पत्ता होता, त्याच्याकडं कोणता संच आहे तेही लिहिलेलं होतं. अर्थात सगळं पैसे वसूल करण्यापुरतं. त्याला काय ऐकायला आवडतं हे तेव्हाही कुणी विचारलं नाही. आता तर फायलीतून त्याचं नावही गेलं.

ध्वनिलहरींवरच्या या सरकारी ताब्याला पहिला खरा धक्का दिला तो क्रिकेटनं. १९९३ च्या हीरो चषकाचं प्रक्षेपण कुणी करायचं यावरून बंगालची क्रिकेट संघटना आणि सरकार यांच्यात जुंपली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि ९ फेब्रुवारी १९९५ रोजी निकाल लागला. त्या पीठावर न्यायमूर्ती प. बा. सावंत होते. ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, त्यांच्यावर सरकारची मक्तेदारी असू शकत नाही. त्यांचं नियमन व्हावं, पण ते स्वायत्त सार्वजनिक यंत्रणेकडून आणि लोकहितासाठी व्हावं, हे त्या निकालाचं सार. क्रिकेटच्या सामन्यातून निघालेल्या या निकालानं खेड्यातल्या रेडिओचं दार किलकिलं केलं. निकालाला आता तीस वर्षं उलटून गेली. ती स्वायत्त यंत्रणा अजून झालेली नाही. परवानगी आजही मंत्रालयच देतं आणि मंत्रालयच नूतनीकरण करतं.

निकालानंतर लगेच काही झालं नाही. डिसेंबर २००२ मध्ये फक्त शिक्षणसंस्थांना मुभा मिळाली आणि १ फेब्रुवारी २००४ रोजी चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचं 'अण्णा एफएम' सुरू झालं, देशातलं पहिलं कॅम्पस केंद्र. खेड्यातल्या लोकांना मात्र थांबायला सांगितलेलं होतं. काही जण थांबले नाहीत.

आंध्रातल्या कर्नूल जिल्ह्यात ओर्वकल इथं बचत गटाच्या बायकांनी २००२ मध्ये 'मना रेडिओ' सुरू केला. नावाचा अर्थ 'आपला रेडिओ'. चार-पाच महिन्यांत, २००३ च्या सुरुवातीला, अधिकारी आले आणि परवाना नाही म्हणून केंद्र बंद करून गेले. बिहारमध्ये वैशाली जिल्ह्यातल्या मन्सूरपूरचा राघव महतो हा तर एकटाच. इलेक्ट्रॉनिक दुरुस्तीच्या टपरीत बसून त्यानं पन्नासेक रुपयांत ट्रान्समीटर जुळवला, जवळच्या उंच इमारतीवर बांबू उभा करून त्याला तो बांधला आणि 'राघव एफएम मन्सूरपूर' सुरू केलं. भोजपुरी गाणी, हरवल्या-सापडल्याच्या सूचना, एड्स आणि पोलिओबद्दलची माहिती. आसपासची खेडी त्याच्यावर फिदा. बीबीसीनं २००६ च्या सुरुवातीला त्याची बातमी दिली आणि जगभर त्याचं कौतुक झालं. बातमी दिल्लीतही वाचली गेली. काही आठवड्यांत केंद्र बंद.

आणि एक केंद्र असं की ज्यानं दहा वर्षं वाट पाहिली. तेव्हाच्या मेदक जिल्ह्यात, झहीराबादजवळ माचनूर गावी, डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या दलित बायकांनी नव्वदच्या दशकाच्या अखेरीला युनेस्कोच्या मदतीनं रेकॉर्डिंगची सगळी व्यवस्था उभी केली. पण प्रसारणाची परवानगी नव्हती. मग त्यांनी कार्यक्रम रेकॉर्ड करायचे, कॅसेटी काढायच्या आणि गावोगावच्या संघांच्या बैठकीत टेपरेकॉर्डरवर वाजवायच्या. दहा वर्षं हेच. बियाणं, ज्वारी-बाजरीची मिश्र पिकं, औषधी पाला, बायकांची गाणी, सगळं तेलुगूच्या त्या भागातल्या बोलीत. २००६ च्या नोव्हेंबरमध्ये धोरण बदललं, स्वयंसेवी संस्थांना दार उघडलं आणि १५ ऑक्टोबर २००८ रोजी 'संघम् रेडिओ' ९०.४ वर बोलू लागला. उद्घाटनाला आले होते न्यायमूर्ती सावंत. निवृत्तीनंतर इतक्या वर्षांनी आपल्या निकालाचा परिणाम डोळ्यांनी बघण्याचं भाग्य फार थोड्या न्यायाधीशांना मिळत असेल.

* * *

२००८-०९ मध्ये केंद्रं सुरू झाली, म्हणजे २०१३-१४ मध्ये त्यांची पाच वर्षं संपणार हे उघड होतं. पण २००६ च्या धोरणात पाच वर्षांनंतर काय, याची नीट तरतूदच नव्हती. परवानगी देताना ती संपणार आहे हे लिहिलेलं. संपल्यावर पुढं कसं, ते लिहायचं राहून गेलेलं. अखेर मंत्रालयानं दूरसंचार नियामकाकडं, ट्रायकडं, विचारणा केली आणि २०१४ मध्ये ट्रायनं मुदतवाढीबद्दल शिफारशी दिल्या. मधल्या काळात केंद्रं तात्पुरत्या मुदतवाढींवर तगून राहिली. 'सरकारी काम अन् सहा महिने थांब' ही म्हण इथं उलटी झाली होती. इथं सरकारनंच पुन्हा पुन्हा केंद्रांना सांगायचं, अजून थोडं चालू ठेवा.

त्याआधी २०१२ मध्ये एक मोठा दणका बसला होता. सामुदायिक केंद्रानं फ्रीक्वेन्सीसाठी वर्षाला १९,७०० रुपये भरायचे. दूरसंचार खात्यानं ते एकदम ९१,००० केले. ज्या केंद्राचा महिन्याचा जमाखर्चच काही हजारांत चालतो, त्याला हा आकडा म्हणजे टाळं. त्या मे महिन्यात देशभरच्या केंद्रांनी निषेध म्हणून एक दिवस मौन पाळलं. रेडिओनं गप्प बसून निषेध करायचा! पण त्याचा उपयोग झाला आणि वाढ मागं घेतली गेली. या प्रसंगात एक जुनी गाठ उघडी पडली. माहिती व प्रसारण मंत्रालय सामुदायिक रेडिओच्या बाजूनं बोलत होतं आणि शुल्क वाढवलं होतं दूरसंचार खात्यानं. एक खातं पाठ थोपटतं, दुसरं बिल पाठवतं. नूतनीकरणाची फाईल याच दोघांमध्ये लोंबकळते.

पैशाचं गणित वाचकांनीही एकदा करून बघावं. सुरुवातीला तासाला पाच मिनिटं जाहिराती चालायच्या, नंतर सात, आणि फेब्रुवारी २०२४ पासून बारा. सरकारी जाहिरातीचा दरही दहा सेकंदांना ५२ रुपयांवरून ७४ झाला. तासातली बाराही मिनिटं भरली तर ५,३२८ रुपये होतात. वाचायला छान वाटतं. पण ज्या गावात सर्वांत मोठा जाहिरातदार म्हणजे खताचं दुकान, आणि त्या दुकानदाराला प्रत्येक गिऱ्हाईक नावानं ओळखतं, तिथं बारा मिनिटं भरणार कशानं? सरकारी जाहिराती येतात, पण उशिरानं येतात आणि त्यांची बिलं त्याहून उशिरानं निघतात. म्हणून दर वाढल्याचं स्वागत करताना मी हात आखडता घेतो.

२०२४ ची सुधारणा जाहीर झाली ती १३ फेब्रुवारीला, जागतिक रेडिओ दिनी, चेन्नईच्या त्याच अण्णा विद्यापीठात. पहिल्या केंद्राला वीस वर्षं झाली होती. देशातल्या केंद्रांची संख्या तेव्हा ४८१ होती. देशातले जिल्हे साडेसातशेच्या पुढं आहेत, हे लक्षात घेतलं की जिल्ह्याला एक केंद्रही अजून नाही. सुधारणेतला सर्वांत कामाचा बदल म्हणजे पहिली परवानगी पाचाऐवजी दहा वर्षांची झाली. सल्लागार व आशय समितीत निम्म्या बायका असल्या पाहिजेत, हेही आलं. एका संस्थेला वेगवेगळ्या जिल्ह्यांत मिळून सहा केंद्रांपर्यंत काढता येतील असंही ठरलं. या शेवटच्या कलमाबद्दल मला शंका आहे. सहा जिल्ह्यांत सहा केंद्रं चालवणारी संस्था ही 'समुदाय' किती आणि छोटी साखळी-कंपनी किती, हे सांगणं अवघड होत जाईल. पण दहा वर्षांचं कलम निर्विवाद चांगलं आहे. ते वीस वर्षं आधी यायला हवं होतं.

त्याच वर्षी, २८ ऑगस्ट २०२४ रोजी, केंद्रीय मंत्रिमंडळानं २३४ नव्या शहरांत ७३० खाजगी एफएम वाहिन्यांच्या लिलावाला मंजुरी दिली. लातूर, चंद्रपूर, यवतमाळ, गोंदिया, मालेगाव अशी नावं त्या यादीत आहेत. म्हणजे लहान शहरांच्या हवेत आता स्पर्धा येणार. पंधरा वर्षांचा परवाना घेऊन बसलेली कंपनी आणि मुदतवाढीची वाट बघणारी संस्था एकाच गावात असतील.

* * *

नूतनीकरणाची टांगती तलवार केंद्राच्या बोलण्यावरही परिणाम करते. सामुदायिक रेडिओला बातम्या आणि चालू घडामोडी वर्ज्य आहेत. आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं ऐकवता येतं, स्वतःचं करता येत नाही. याविरुद्ध 'कॉमन कॉज' ही संस्था २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेली होती. वर्तमानपत्र काढायला, दूरचित्रवाहिनी चालवायला, मोबाइलवर वाट्टेल ते पसरवायला जी बंदी नाही, ती पंधरा किलोमीटरच्या रेडिओला का, हा साधा प्रश्न. हवामान, बाजारभाव, परीक्षा, नळाला पाणी कधी येणार, वीज कधी जाणार, हे सांगायला हरकत नाही. पण पाणी का आलं नाही, असं निवेदिकेनं विचारलं, की ती चालू घडामोडीत शिरली की नाही, याची धास्ती सुरू होते. दंडाची उतरंडही ठरलेली आहे: पहिल्या चुकीला महिनाभरापर्यंत प्रसारण बंद, दुसऱ्यांदा तीन महिन्यांपर्यंत, त्यापुढं परवानगीच रद्द. रेकॉर्डिंग तीन महिने जपून ठेवायचं, कुणी मागितलं तर द्यायला. प्रत्यक्षात कारवाई क्वचित होते. तिची गरजही पडत नाही. ज्या वर्षी फाईल दिल्लीला जाणार असते, त्या वर्षी केंद्रावर ग्रामसभेचा कार्यक्रम जरा कमी आणि भजनाचा जरा जास्त लागतो.

शेजारच्या नेपाळनं वेगळी वाट धरली. काठमांडूच्या 'रेडिओ सगरमाथा'ला १९९७ मध्ये परवाना मिळाला. दक्षिण आशियातलं ते पहिलं स्वतंत्र सामुदायिक केंद्र. तिथं बातम्या होत्या. १ फेब्रुवारी २००५ रोजी राजा ज्ञानेंद्रनं सत्ता हातात घेतली आणि एफएमवरच्या बातम्या बंद केल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरात बीबीसीनं घेतलेली माओवादी नेते प्रचंड यांची मुलाखत लागणार म्हणून सगरमाथावर पोलीस घुसले, यंत्रं उचलून नेली. न्यायालयानं केंद्र पुन्हा सुरू करायला लावलं. सत्ता घेतल्यापासून दीड वर्षाच्या आत राजाला ती सोडावी लागली, रेडिओ राहिला. आपल्याकडं असा संघर्षच होत नाही, कारण मुळात बातमीच नाही.

* * *

आता मूळ मुद्द्यावर येतो. या सगळ्या फायलीत मनोऱ्याची उंची आहे, अँटेनाचा प्रकार आहे, हिशेब आहेत, समितीची नावं आहेत. केंद्र ऐकणाऱ्या माणसाचं मत कुठंही नाही. ज्याची मालमत्ता म्हणून न्यायालयानं ध्वनिलहरींकडं बोट दाखवलं, त्या जनतेला तिच्या गावची वाहिनी पुढं कुणाकडं राहावी, हे कुणी विचारत नाही. नूतनीकरणाचा अर्ज गेल्याचंही तिला कळत नाही.

हे दुसरीकडं कसं होतं? अमेरिकेत मिसिसिपी राज्याच्या जॅक्सन शहरात डब्ल्यूएलबीटी नावाचं दूरचित्रवाणी केंद्र होतं. शहरात कृष्णवर्णीयांची मोठी वस्ती, पण केंद्र वंशभेदाची बाजू घेणारं. १९६४ मध्ये त्याचा परवाना नूतनीकरणाला आला, तेव्हा एका चर्चनं आणि स्थानिक कृष्णवर्णीय नागरिकांनी हरकत घेतली. तिथल्या नियामकाचं, एफसीसीचं, म्हणणं पडलं की प्रेक्षकांना हरकत घेण्याचा हक्कच नाही. ज्याचं आर्थिक नुकसान होतं किंवा ज्याच्या प्रक्षेपणात व्यत्यय येतो त्यानंच यावं. १९६६ मध्ये अपील न्यायालयात न्यायमूर्ती वॉरेन बर्गर यांनी हे फेटाळलं. बघणारी-ऐकणारी जनता ही या प्रकरणातली पक्षकार आहे, असं त्यांनी ठरवलं. १९६९ मध्ये त्या केंद्राचा परवाना गेला. आज तिथल्या रेडिओ केंद्राला नूतनीकरणाच्या वेळी, दर आठ वर्षांनी, स्वतःच्या वाहिनीवरून श्रोत्यांना सांगावं लागतं की आम्ही अर्ज केलाय, तुमचं काही म्हणणं असेल तर कळवा. हरकतींवरून परवाने फारसे जात नाहीत, ही गोष्ट खरी. तरी सांगावं लागतं, आणि सांगावं लागणार हे केंद्राला आठही वर्षं ठाऊक असतं.

आपल्याकडं साधनं नाहीत असं नाही. हैदराबाद विद्यापीठात सामुदायिक माध्यमांसाठी युनेस्कोचं अध्यासन आहे. तिथं विनोद पवराला, कांचन मलिक आणि सहकाऱ्यांनी केंद्रांच्या प्रतिनिधींना बरोबर घेऊन २०१३ मध्ये एक मूल्यमापन पद्धत तयार केली. एका केंद्राचे लोक दुसऱ्या केंद्रात जाऊन बसतात. कार्यक्रम कोण करतं, कुणाची बोली ऐकू येते, दलित वस्तीतलं कुणी कधी माईकसमोर आलं का, तक्रारीचं पुढं काय झालं, पैसा कुठून येतो, हे बघतात आणि मोकळेपणानं सांगतात. काही केंद्रांनी ती वापरलीही. तिचा नूतनीकरणाशी मात्र काही संबंध जोडलेला नाही. दिल्लीतल्या अधिकाऱ्याला माचनूर किंवा म्हसवडचं केंद्र कसं चाललंय हे कळणं शक्य नाही, पण बारामती, सांगली, नाशिकच्या केंद्रवाल्यांना दोन दिवसांत कळेल.

आणि कळायला हवं, कारण सगळीच केंद्रं गुणी आहेत असं म्हणणं भाबडेपणाचं ठरेल. काही महाविद्यालयांची केंद्रं म्हणजे प्रवेशाच्या हंगामातला भोंगा झाली आहेत. दिवसभर सिनेमाची गाणी आणि मधून मधून संस्थाचालकांचा वाढदिवस. अशांचे कागद अगदी चोख असतात. त्यांचं नूतनीकरण बिनबोभाट होतं. उलट नाशिकच्या 'रेडिओ विश्वास'नं कोविडच्या काळात शाळा बंद असताना जिल्हा परिषदेच्या आणि पालिकेच्या शाळांमधल्या मुलांसाठी शिक्षकांकडून धडे रेकॉर्ड करून घेतले आणि ऐकवले. ज्या घरात स्मार्टफोन नव्हता तिथं शाळा रेडिओतून पोचली. २०२३ मध्ये या केंद्राला राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. पुरस्कार देणारं मंत्रालय तेच, परवानगी देणारंही तेच. पण पुरस्काराच्या परीक्षणात जे बघितलं जातं, ते नूतनीकरणात बघण्याची सोय नाही.

मी परवाना नकोच म्हणणाऱ्यांपैकी नाही. फ्रीक्वेन्सी मोजक्या आहेत आणि दोन केंद्रं एकाच जागेवर बोलू लागली तर कुणालाच काही ऐकू येणार नाही. मनोऱ्याची तपासणी तर व्हायलाच हवी. पण ती तपासणी मनोऱ्यापुरती ठेवावी आणि नूतनीकरण दोन गोष्टींवर ठरवावं: दुसऱ्या केंद्रवाल्यांनी केलेली पाहणी, आणि श्रोत्यांची जाहीर बैठक. ग्रामसभा घेता येते तशी ही बैठकही घेता येईल. तिचा वृत्तांत फायलीत लावावा, आणि अर्ज गेल्यावर ठरलेल्या दिवसांत उत्तर आलं नाही तर परवानगी वाढली असं धरावं. यासाठी नवा कायदा लागत नाही, मार्गदर्शक सूचनांत चार ओळी पुरतील.

तोवर वाचकांनी एक करावं. आपल्या तालुक्यात ९०.४, ९०.८ किंवा १०७.८ च्या आसपास एखादं गावचं केंद्र लागतं का ते शोधा. लागत असेल तर त्यांना फोन करून विचारा, तुमची मुदत कधी संपते. ज्या वर्षी संपत असेल त्या वर्षी, हे केंद्र चांगलं चाललंय की वाईट, ते तुमच्या नावानिशी लिहून माहिती व प्रसारण मंत्रालयाला पाठवा, आणि पत्राची एक प्रत केंद्राच्या फायलीत लावायला द्या.